तुझ्या फोनमधलं ते एक गाणं

मिलिंद, तुझा फोन माझ्याकडे आहे. वंदनाने दिलेला नाही, मीच उचलून आणला. 'मी गेल्यावरही ताईने माझ्या बायकोवर दादागिरी केली,' असं तू म्हणशील. म्हण. आसेगावच्या घरात सगळे तुझे कपडे, तुझी चप्पल, खुंटीवरची तुझी टोपी बघून रडत होते. मी फोनकडे बघत होते. आपलं भांडण त्या फोनवरून होतं आणि ते मिटायच्या आधी तू गेलास.

मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला. अकोल्याच्या दवाखान्यातले शेवटचे तीन आठवडे तुझा फोन लागलाच नाही. मी शेलूबाजारच्या दुकानातून दिवसाला दहा वेळा लावायची आणि ती बाई दहाही वेळा सांगायची, आपण ज्यांना फोन केला आहे ते संपर्काच्या बाहेर आहेत. वंदनाच्या बटणाच्या फोनवर लावला तर ती म्हणायची, "झोपले हायेत, ताई." माणूस दर वेळी झोपलेलाच कसा असतो? मी सुद्धा दुकान चालवते. उधारीवाला दारात आला की कोण कोण झोपतं, मला माहीत आहे.

नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. आई मजुरीला जायची. मी डोक्यावर टॉवेल आणि ब्लाउजपिसांचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार धरले. आज शेलूबाजारच्या हमरस्त्यावर माझं कापडाचं दुकान आहे, पाटीवर माझं नाव आहे. लोक म्हणतात, शोभाबाईशी भाव करायला जाऊ नका, अंगावरचा शर्टही ठेवून यावं लागेल. ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान होता. पण ही गाडी माझ्या एकटीच्या जोरावर चालली नाही. माझा लोडिंग ऑटो तू चालवायचास. मालेगावचा बाजार असो की इथला, गाठोडी तू चढवायचास, पाल तू ठोकायचास, आणि जाता येता गाणी लावायचास. माझ्या तोंडात हिशेब आणि शिव्या, तुझ्या तोंडात गाणं.

आधी मेमरी कार्ड होतं. मालेगावला एका दुकानात पाचशे गाणी भरून मिळायची. मी त्या दुकानदाराला म्हटलं होतं, पाचशेवर पन्नास वरकड घालशील तर भरते. तू लाजून ऑटोत जाऊन बसलास. पन्नास मिळाली. त्यांतली चाळीस दोनदा भरलेली निघाली म्हणून मी परत भांडायला गेले, तेव्हा तू ऑटो सुरू करून मला सोडून जायची धमकी दिली होतीस.

मग अॅप आलं. महिन्याचे पैसे मी भरायचे, पगारातच धरलं होतं. आणि मालेगावच्या रस्त्यावर, जिथे नेटवर्क जातं तिथेही गाणं वाजतच राहिलं, तेव्हा मी विचारलं.

"नेट नाही, मंग गानं कुठून येऊन राह्यलं?"

"डाउनलोड करून ठेवलं, ताई. फोनमंदीच हाय."

"दाखव."

"काय दाखवू?"

"गानं. कुठं ठेवलं ते दाखव."

तू लिंबाखाली ऑटो थांबवलास. आधी म्युझिकचा फोल्डर उघडलास, तो रिकामा. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये माझ्या कापडाच्या बिलांचे फोटो. मग तू म्हणालास की अॅपचं आपलं वेगळं घर असतं आणि ते फोनमधून सहज उघडत नाही. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात फोन कॉम्प्युटरला जोडून मला ते घर दाखवलंस. आत नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं, एकाखाली एक. ना गाण्याचं नाव, ना गाणाऱ्याचं.

"हे गानी हायेत का आरटीओचे नंबर?"

"गानीच हायेत. ते अॅप तुकडे करून, कुलूप लावून ठेवते. त्याच्याबिगर कोनालेच उघडत नाही."

"मंग कार्डावर टाक."

"टाकलं तरी वाजत नाही. दुसऱ्या फोनात नेलं तरी नाही. अॅप काढलं की सारं गेलं. अन म्हयन्यातून एकदा तरी नेट दाखवा लागते त्याले, नाही त मुकं होऊन बसते."

"म्हंजे गोदाम माहं, पैसे माह्ये, अन माल त्याचा?"

"तू मालच पाह्यते व ताई. गानं आयक ना."

"अन उद्या त्यानं उचलून नेलं त?"

"काहून नेईन? त्याले काय तुह्यावानी साऱ्यायशी भांडाचं हाय?"

झेरॉक्सवाला हसला होता. मी त्यालाही दोन शब्द सुनावले. हा वाद आपण दोन वर्षं चालवला. बाजारातून परतताना मी तो उकरून काढायची, कारण तू चिडलास की छान बोलायचास. तुझं म्हणणं एकच, गाणं ही ठेवायची वस्तू नाही. माझं म्हणणं एकच, जे हातात धरता येत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही ते आपलं नाही. आता मला वाटतं, या एका वादात तरी तू जिंकायला हवा होतास.

मग तुमचं गाणं आलं. मालेगावच्या उत्तमदादांच्या गायन पार्टीत तू चार वर्षं कोरसला होतास. जयंतीला, पुण्यानुमोदनाला, कुठल्या गावात विहाराचं उद्घाटन असलं की तुम्ही जायचात. अकोल्याच्या एका स्टुडिओत त्यांनी आईवरचं गाणं रेकॉर्ड केलं आणि कुठल्याशा कंपनीमार्फत ते अॅपवर चढवलं. ज्या दिवशी ते दिसायला लागलं त्या दिवशी तू दुकानात येऊन गिऱ्हाइकांना ऐकवलंस. लुगडं घ्यायला आलेल्या एका म्हातारीच्या कानाला फोन लावून उभा राहिलास. ती म्हणाली, "कोन गाते, बापू?" तू म्हणालास, "आमी गातो." मी फोन हातात घेतला आणि पाहिलं. नाव एकट्या उत्तमदादांचं होतं.

तुला काही वाटलं नव्हतं. वाटलं मला. माझ्या भावाने घसा झिजवायचा आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं? पुढच्याच बाजारी मी उत्तमदादांच्या दारात गेले. चार शेजारी जमले. मी म्हटलं, कोरसच्या चौघांची नावं टाका आणि चौघांना हिस्सा द्या. तो शांत माणूस. म्हणाला, "बाई, हिस्सा कायचा? माह्याच खिशातून गेले. नावाचं त कंपनीले इचारा लागते, ते आयकतीन का नाही, काय माहीत."

"मंग काढून टाका ते गानं," मी म्हटलं.

मिलिंद, तुला माहीत आहे मी असं का म्हणते. ती माझी भाव करायची रीत आहे. ठोक व्यापाऱ्याकडे मी म्हणते, राहू दे तुझा माल, मला नको. माल मला हवाच असतो. समोरच्यालाही कळतं, आणि मग तो भाव सोडतो. वीस वर्षं मी याच एका वाक्यावर पोट भरलं. पण उत्तमदादा व्यापारी नव्हते. मी बोलले ते त्यांनी खरं धरलं. चार लोकांत पाणउतारा झाला, वाद नको, म्हणून त्यांनी कंपनीला कळवलं की गाणं काढा.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी दारात जाऊन भांडले एवढंच तुझ्या कानावर आलं आणि त्या संध्याकाळी तू दुकानात येऊन आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलास. "तुले सारं तराजूतच घालाचं असते. मी सांगतलं होतं का तुले?" ऑटोची किल्ली गल्ल्यावर ठेवून गेलास. पाचव्या दिवशी वंदनाचा फोन आला, डोळे पिवळे झालेत, अकोल्याला नेत आहेत. तू कावीळ अंगावर काढून माझी गाठोडी उचलत होतास, हे तिथल्या डॉक्टरने सांगितलं. आणि दवाखान्यात गेल्यावर चार दिवसांनी तुझा फोन लागायचा बंद झाला.

शहाळी आणि तुझ्या आवडीचे उकडलेले शेंगदाणे घेऊन मी आले होते, तो दिवस आठव. आल्या आल्या बिलावरून काउंटरवर भांडले, मग तुझ्याकडे आले. तू खूप वाळला होतास. मी काही बोलायच्या आत म्हणालास, "ताई, तुहा फोन दे जरा."

"काहून? तुह्या फोनले काय झालं? बहिणीचा फोन उचलाले हात उठत नाही, अन बहिणीचाच फोन पाह्यजे?"

"दे ना व. पाच मिन्टं."

"आंधी सांग, माहा फोन काहून लागू देत नाहीस."

"आंधी दे."

"आंधी सांग."

एकाच आईची लेकरं आपण. मी पिशवी उचलून उभी राहिले. बाजारात मी हेच करते. उठायचं, पिशवी काखेत घ्यायची, चालायला लागायचं. दोन पावलं. तिसऱ्या पावलाला मागून हाक येते. ती आली नाही असं फार थोड्या वेळा झालं असेल. त्या दिवशी मी तीन पावलं चालले, चार चालले, दारापर्यंत गेले. तू हाक मारली नाहीस. मग मला मागे वळायला लाज वाटली आणि मी खरोखरच निघाले. शेलूबाजारच्या जीपमध्ये बसून पूर्ण रस्ताभर मनात तुझ्याशी भांडत होते. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा तुला काचेच्या पलीकडे ठेवलं होतं आणि तू डोळे उघडत नव्हतास.

तू गेलास त्याच्या पाचव्या दिवशी मी दुकानात तुझा फोन चार्ज केला. स्क्रीनवर वर विमानाचं चिन्ह होतं. म्हणजे फोन बिघडला नव्हता, नेटवर्क तूच बंद केलं होतंस. मला पुन्हा राग आला. मग आठवलं, दवाखान्यातून परतल्यावर मी तुला बोलून एक मेसेज पाठवला होता. माझ्या फोनवर त्याच्यापुढे एकच टिक होती. तो तुझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला वाटलं, निदान पोचू तरी दे. ऐकणारा कोणी नाही हे मला कळत होतं. तरी मी ते विमानाचं चिन्ह बंद केलं. तुझा फोन बराच वेळ थरथरत राहिला, सगळ्यांचे मेसेज आले, त्यांत माझाही. माझ्या फोनवर दोन टिका झाल्या. मला बरं वाटलं, मिलिंद. दुसऱ्या दिवसापर्यंत बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वंदना दुकानात आली. पुण्यानुमोदनाला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरवायचं होतं. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "ताई, त्यायचं गानं लावा ना. कार्यक्रमात बी तेच लावू. फक्त नेट सुरू करू नका, बरं."

"काहून?"

"दवाखान्यात उत्तमदादाचा फोन आल्ता. दोन दिसांत गानं साऱ्या ठिकानाहून निघते म्हणे. तवा हे म्हणे, माह्या फोनात डाउनलोड हाय, पन नेट लागलं की अॅपले कळते अन हे बी जाते. म्हणून त्यायनं बंद करून ठेवलं. म्हयनाभर चालते म्हणे तसं."

मी गाणं उघडलं. नाव होतं, पण फिकं पडलेलं. दाबलं. पुन्हा दाबलं. वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

तुझी बायको माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या फोनात भराचं होतं त्यायले. इकून वाजवाचं अन तिकून रेकॉर्ड कराचं. माह्या फोनात बसत नाही न."

"मंग मले सांगतलं काहून नाही? एका शब्दानं सांगतलं असतं त."

"ते म्हणे, ताईले सांगू नको. तिच्या भांडनानं गानं गेलं हे कळलं त ती जेवनार नाही. गानं भरून घेतो, मंग कायी तरी सांगू." मग म्हणाली, "तुमी निंगून गेल्या तवा हासले ते. म्हणे, ताई तिसऱ्या पावलावर थांबत असते. आज लयच तापली. उद्या येईन."

मी उद्या आले नाही, मिलिंद. परवा आले.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुला हसू येईल. वाशिमला फोन दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे गेले आणि बसल्या बसल्या म्हटलं, किती घेशील ते सांग, मी भाव करणार नाही. त्याने फोन कॉम्प्युटरला लावला, तेच आकडे आणि अक्षरं मला दाखवली. म्हणाला, "काकू, ह्यातला एखादा तुकडा त्या गाण्याचा असेलही. पण चावी अॅपवाल्यांकडे, आणि त्यांनी ती फिरवली." मी विचारलं, दुप्पट दिले तर? तो बिचारा पैसे न घेता फोन परत देऊ लागला. मी तुकड्यांकडे बघत बसले. त्या यादीत तू कुठेतरी होतास, माझ्या बोटाच्या खाली, आणि मला कोणता ते कळत नव्हतं.

मग उत्तमदादांच्या दारात. तेच दार, तेच शेजारी. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी चुकले. गानं असन कुठं त द्या." त्यांनी सांगितलं. स्टुडिओवाल्याने जुनं सगळं पुसून टाकलं होतं. दादांच्याकडेही नव्हतं. "आमी बी तेच समजून राह्यलो, बाई. अॅपवर हाय म्हंजे हाय. वेगळं कोन ठेवते?" मग म्हणाले, "पुण्यानुमोदनाले आमी येऊन गाऊ. आमचा बी होता तो." मी किती घ्याल हे विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तुला पोचलेला माझा तो मेसेज मी तुझ्याच फोनवर ऐकला. मला वाटत होतं, मी माफी मागितली होती. मागितली होती, पण कशी? "मिलिंद, मी उत्तमदादाले जास्त बोलली, मान्य हाय. पन तू बी चुकला. तू फोन उचल, मंग मी बी सोडून देतो." म्हणजे तिथेही मी देवघेवच केली. तू आधी सोड, मग मी सोडते. म्हणून आता पुन्हा सांगते, तुझ्याकडून काही न मागता. तुझं गाणं माझ्या जिभेमुळे निघालं. तू फोन मागितलास तेव्हा मी द्यायला हवा होता. तुझ्या गाण्यात मी नाव शोधलं आणि हिस्सा शोधला, आणि त्या म्हातारीला तू जे "आमी गातो" म्हणालास, ते माझ्या कानावर पडूनही मी ऐकलं नाही.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. आसेगावच्या घरापुढे मांडव होता, तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. बुद्धवंदनेनंतर उत्तमदादांनी पेटी उघडली आणि तेच गाणं म्हटलं. कोरसला तिघं होते. दादांनी नवा माणूस घेतला नव्हता. प्रत्येक ओळीनंतर तिघांनी "माय गं" म्हटलं, बरोबर एका वेळी, एका सुरात. मी पहिल्या ओळीपासून माझा फोन समोर धरून उभी होते. वंदनाच्या भावाने धरला होता, शेजारच्या दोन मुलींनी धरला होता. आता ते गाणं पाच-सहा फोनांत आहे, उघड्या फाइलमध्ये, गाण्याच्याच नावाने, कोणालाही पाठवता येईल असं.

त्यात तू नाहीस. तुझा "माय गं" बाकीच्यांच्या मागून यायचा, अर्धा श्वास उशिरा, आणि शेवटी थोडा खाली बसायचा. उत्तमदादा त्यासाठी तुला टोकायचे, हे त्यांनीच मला मांडवात रडत सांगितलं. दुकान उघडलं की मी शटरच्या आत उभी राहून ती ओळ लावते. तिघं म्हणून होतात, आणि मी त्यांच्या मागून तुझा आवाज येतो का ते कान देऊन बघते. आज आला.